मलिता उशिरा येते

आमच्याकडं पुरुषाचा जन्म मिळाला की एक दिवस घरजावई व्हायचं, सुटका नाही. घर बायकोचं, रान बायकोचं, पोरं बायकोच्या मामाच्या हुकमातली. आपला फक्त घाम. मी जाइलोसी, चिंफेपो गावचा बावीस वर्षांचा मुरलेला घरजावई. धंदा विटा पाडायचा, नाद लोकांची टर उडवायचा. चर्चमधल्या दानाच्या पिशवीत बेडूक कोणी सोडला होता ते मंडळीला अजून कळलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

माझ्या बायकोचे मामा म्हणजे गेलेसोमू. त्यांची बायको वारली तसे ते तिच्या गावातून उठले आणि परत आपल्या बहिणींच्या गावात, म्हणजे आमच्या डोक्यावर येऊन बसले. घरात मामा, मंडळीत मुख्य पंच. एकाच माणसाकडं दोन दोन काठ्या.

त्या ऑक्टोबरात पाळकाचं नवं घर बांधायचं ठरलं. दर घरानं आठशे विटा पाडायच्या, आणि डिसेंबर लागायच्या आत भट्टी उतरलेली पाहिजे, कारण वरचे मोठे पाळक पाहणीला येणार. मामा उजाडताच ओढ्याकाठी खुर्ची टाकून बसायचे. मांडीवर यादी. बाप्यांनी चिखल तुडवायचा, साचे मारायचे, बायकांनी घागरीनं पाणी आणायचं. ओढा इतका आटला होता की एक घागर भरायला वाटी वाटीनं उपसावं लागायचं. गुडघ्यापर्यंत चिखल, वरून ऊन, आणि खुर्चीतून मामांचं तोंड सुरू.

माझी बायको मलिता रोज उशिरा यायची.

"आल्या का राणीसाहेब," मामा म्हणाले. "बायका चार-चार घागरी ओतून मोकळ्या झाल्या. तू कुठं होतीस?"

"वारुळापाशी."

"काय करत होतीस?"

"बसले होते. प्रार्थनेला."

बायका फिदीफिदी हसल्या. मामांनी काठी चिखलात रोवली. "ऐका रे. ही बसली होती. पाळकाचं घर काय बसून उभं राहणार आहे? देवाच्या कामाला हात लागतात, मलिता. ढुंगण नाही लागत."

"हात आणलेत," ती म्हणाली आणि घागर डोक्यावर घेऊन ओढ्याकडं गेली. आपल्या वाटणीचं पाणी तिनं पुरं केलं, सगळे घरी गेल्यावर. पण सगळे घरी गेल्यावर बघतो कोण.

असं अठरा दिवस चाललं. एकोणिसाव्या दिवशी मामांनी महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई नाफिरी यांना बोलावलं. नाफिरी आल्या, मलितासमोर उभ्या राहिल्या आणि हात पुढं केला. मलितानं डोक्याचं मंडळाचं पांढरं फडकं सोडलं, घडी घातली आणि दिलं. घडी नीट घातली, चारी टोकं जुळवून. मला वाटलं होतं फेकेल.

हसण्यासारखी गोष्ट नाही ती. फडकं गेलं की रविवारी मागच्या बाकावर बसायचं, पोरासोरांत. आणि मेलात तर मंडळ गायला येत नाही. गाण्याविना माती दिली म्हणजे कुत्रं पुरल्यासारखं. नाफिरी म्हणाल्या, "पंचांची बैठक बसेल तेव्हा नाव राहतंय की कायमचं कापायचं ते ठरेल. तोवर सुधार."

घरी मी म्हटलं, "अगं, प्रार्थना काय चालता चालता होत नाही? घागर डोक्यावर घेऊन कर. देव कुठं पळून जातोय?"

"देव नाही पळत," ती म्हणाली. भोपळ्याचा पाला निवडत होती. "तुम्ही विटा बघा."

आता मी गप्प बसेन तर जाइलोसी कसला. दुसऱ्या दिवशी तिच्या आधी उठलो आणि वारुळामागं जाऊन दबलो. आमचं वारूळ घराएवढं उंच, वर झाड उगवलेलं. बेत असा की ती डोळे मिटून बसली की मागून घोगऱ्या आवाजात बोलायचं, "मलिता, मी देव बोलतोय. घरी जा आणि नवऱ्याला कोंबडी कापून घाल." आवाज रस्त्यानं घोकत आलो होतो. बरा जमला होता.

ती आली, बसली. किती वेळ काही नाही. मला वाटलं झोपली. मग बोलायला लागली, शेजारी कोणी बसलंय त्याला सांगावं तसं.

"बाबा, आजही तेच. मामांसाठी पाणी भरायचंय आणि मला त्यात थुंकायचंय. काल मी त्यांना प्यायला पाणी दिलं तेव्हा मनात थुंकूनच दिलं. असं नाही मला द्यायचं. तू जवळ आहेस एवढं मला कळू दे, मग उठते. तोवर उशीर झाला तर होऊ दे."

आणि पुन्हा गप्प.

माझ्या तोंडात देवाचा आवाज तयार होता. तो मी गिळला. लाज वाटली म्हणून गिळला असं समजू नका. लाल मुंग्या पँटीत शिरल्या होत्या, तोंड उघडलं असतं तर देवानंच बोंब मारली असती. तासभर तसाच उभा. शेवटी ती उठली तेव्हा तिचा चेहरा काही उजळबिजळ नव्हता. सुपातलं धान्य पाखडून झाल्यावर बाईचा असतो तसा होता. ती गेली, आणि मी पँट काढून नाचलो.

हे मी कोणाला सांगितलं नाही. पण ती जागा तर मामांना तिनंच सगळ्यांसमोर सांगितलेली. दोन दिवसांत हुकूम सुटला, विटांना माती कमी पडतेय, वारूळ खणा. आता वारुळाची माती विटेला सगळ्यांत चांगली, हे मीच गावाला शिकवलेलं. काय बोलणार. मामांनी कुदळ माझ्या हातात दिली. "पहिला घाव जावईबुवांचा. धंद्यातला माणूस आहे."

मी घातला घाव. मलिता घागर घेऊन बाजूला उभी होती. चार दिवसांत वारूळ संपलं आणि तिथं कमरेएवढा खड्डा पडला. पाचव्या दिवशी सकाळी ती त्या खड्ड्यात उतरून बसली. लोक वाकून बघून जायचे.

"आता खड्ड्यात बसते," मामा म्हणाले. "बरंय. माती तेवढी वरून ढकलायची राहिली."

विटा पाडून झाल्या. कच्ची वीट सावलीत तीन आठवडे सुकली पाहिजे. मोठ्या पाळकांची तारीख अलीकडं आली, म्हणून मामांनी नवव्या दिवशी भट्टी रचायला लावली. मी एक वीट उचलून बोटाच्या सांध्यानं वाजवली. सुकलेली वीट टणटणते. ही थप्प म्हणाली, ओल्या पाठीवर थाप मारावी तशी.

"मामा, विटा ओल्या आहेत. आत वाफ धरेल, फुटतील."

"विटांची अक्कल मला शिकवतो?" मामा सगळ्यांसमोर म्हणाले. "तुला या गावात पोरं काढायला आणलंय. बोलायला नाही."

"पोरं सहा काढली मामा," मी म्हटलं, "पण एकही ओलं भट्टीत घातलं नाही."

लोक हसले. त्या हसण्याची शिक्षा म्हणून भट्टीची तीनही तोंडं पेटवायचं काम मला एकट्याला मिळालं. भुवया जळाल्या माझ्या. पाळक प्रार्थना करायला येणार होते, पण मामा थांबले नाहीत. म्हणाले, "प्रार्थना मागनं होईल, लाकडं पेटवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी आतून फुटाण्यासारखा आवाज यायला लागला. फट्, फट्. लिंपण तडकलं, ओढ्याकडची भिंत पोटुशी बाईसारखी पुढं आली. मी ओरडून माणसं मागं सरकवली. मामा सरकले नाहीत. चिखलाचा गोळा घेऊन स्वतःच भेग लिंपायला धावले, कारण दुसऱ्याच्या हातावर त्यांचा कधी भरवसाच नव्हता. भिंत बसली ती त्यांच्या उजव्या पायावर. गुडघ्याखाली तापून लाल झालेल्या विटा.

मी फावड्यानं विटा सारल्या आणि त्यांना ओढलं. पण खरं सांगतो, ओढायच्या आधी मी क्षणभर विचार केला.

मामा ओरडले नाहीत. दात खाऊन म्हणाले, "हळू ओढ, गाढवा."

सायकलच्या मागं फळी बांधून त्यांना दवाखान्यात नेलं. तीन आठवड्यांनी तिथली खाट दुसऱ्याला हवी होती, म्हणून जांभळं औषध आणि पट्ट्यांची गुंडाळी देऊन घरी पाठवलं. मोठे पाळक आलेच नाहीत. भट्टीचा काळा ढीग ओढ्याकाठी पडून राहिला, शेळ्या त्यावर चढायच्या.

नाफिरींनी यादी केली. रोज दोन बायका, एकीनं पेज आणायची, दुसरीनं पाय धुवायचा. पहिल्या दिवशी सहा आल्या, पांढरी फडकी बांधून, गात गात. दुसऱ्या दिवशी तीन. पायाला वास सुटला होता आणि मामांच्या तोंडाला त्याहून जास्त. नाफिरींची पेज त्यांनी अंगणात ओतली आणि म्हणाले, "ही भिंतीला लावा. चिकटेल." एकीला म्हणाले तुझे हात खरखरीत, दुसरीला म्हणाले तू नाक मुरडतेस, तुला नाकासकट घरी बसव म्हणावं नवऱ्याला. तेवढ्यात पेरणी आली, बायकांना कारण मिळालं. नवव्या दिवशी कोणीच आलं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी मलिता खड्ड्यातून फार उशिरा वर आली. घरी येऊन परात घेतली, मीठ घेतलं, कमरेला गुंडाळायचं जुनं चितेंजे फाडून पट्ट्या केल्या.

"कुठं?" मी विचारलं.

"मामांकडं."

"यादीत तुझं नाव नाही."

"माहितीये. फडकंच नाही माझ्याकडं."

"मग सडू दे की त्यांना. वास येतोय तोवर गाव खूश आहे."

"मलाही तसंच वाटत होतं," ती म्हणाली. "किती वेळ तसंच वाटत होतं. चला. अंघोळ तुम्ही घालायची. भाचीनं कशी घालावी."

म्हणजे बघा, देवाशी बोलणं हिचं, आणि काम निघालं मला.

मामा चटईवर पडले होते. माश्या बसलेल्या. आम्हाला बघून मान वर केली. "तुला कोणी धाडलं?"

आमच्या भाषेत सेवकाला म्तुमिकी म्हणतात, आणि तो शब्द धाडण्यावरूनच आलाय. ज्याला धाडलंय तो सेवक. न धाडता आलेला म्हणजे लुडबुड्या. पंचानं असं विचारलं की उत्तर द्यावं लागतं.

"नाफिरीनं?" मामांनी विचारलं.

"नाही."

"पाळकांनी?"

"नाही."

"या नवऱ्यानं?"

"हे तर सडू दे म्हणत होते," मलितानं सांगून टाकलं. मी छताकडं बघितलं.

"मग कोणी?"

"ज्यानं धाडलं त्याला रोज विचारते. आज तरी नको जाऊ म्हणेल, अशी आशा होती मला."

मामांनी पायावरच्या माश्या हाकलल्या. मग म्हणाले, "पाणी गार असेल तर हात लावू नकोस."

तिथून पुढं रोजचं झालं. मी त्यांना काखेत हात घालून मोरीत न्यायचो. म्हातारा हडकुळा, पण जड, मुद्दाम अंग सोडायचा. पाठ चोळताना म्हणायचा, "जावईबुवा, घोडा धुताय का?" मी चोळता चोळता मयताची गाणी गुणगुणायचो, एकेक कडवं सावकाश. साबण डोळ्यांत जाऊ द्यायचो. तेवढाच आनंद. बाजूला मलिता मिठाचं कोमट पाणी करायची आणि जुनी पट्टी भिजवत बसायची. ओढायची नाही. थेंब थेंब सोडत राहायची, पट्टी आपली आपण सुटेपर्यंत. पाठीला रग लागायची तिच्या. मग पू टिपायचा, जांभळं औषध लावायचं, नवी पट्टी. मग पेज. पेज मामा निम्मी प्यायचे आणि निम्मी वाईट आहे म्हणून सांगायचे. आभाराचा शब्द त्या घरात कधी ठेवलेलाच नव्हता.

एक दिवस मात्र मलिता लवकर गेली.

जमिनीला वाफसा होता. त्या सकाळी मका टोचला नाही तर आठवडा हुकला असता. ती उठली ती तडक परात घेऊन निघाली. खड्ड्याकडं वळलीच नाही. मला बरं वाटलं, म्हटलं आज लवकर मोकळे. मामांची झोपही झाली नव्हती.

पट्टी नेहमीसारखी चिकटलेली. मलितानं दोनदा पाणी शिंपडलं आणि ओढली.

भट्टीखाली न ओरडलेला माणूस ओरडला. पट्टीबरोबर तळहाताएवढी नवी कातडी निघाली. आणि मी तिचं तोंड बघितलं. ती थांबली नाही. उरलेलं टोक तिनं आणखी एकदा ओढलं, आणि ते ओढताना तिचे दात एकमेकांवर बसले होते. त्या ओढण्यात अठरा दिवसांची घागर होती, फडकं होतं, वारूळ होतं. मला ओळखू आलं, कारण मी रोज साबण डोळ्यांत घालतो तेव्हा माझंही तोंड तसंच होत असणार.

मग तिचे हात थांबले. रक्ताकडं बघत म्हणाली, "आज मी तशीच आले."

परात खाली ठेवली आणि निघून गेली. रानाकडं नाही, खड्ड्याकडं.

मी मामांच्या उघड्या पायावर फडक्यानं वारा घालत बसलो. मामांनी शिव्या सुरू केल्या. तिच्या आईपासून सुरुवात केली, म्हणजे स्वतःच्या बहिणीपासून, तिथून आजीपर्यंत गेले. पुढं दम संपला. मग नुसते वाटेकडं बघत राहिले. ऊन अंगणात उतरलं. मी म्हटलं, "मी बांधतो पट्टी." ते म्हणाले, "तू हात लावू नको."

ती आली. पाणी पुन्हा तापवलं, मीठ टाकलं, आणि पहिल्यापासून सुरू केलं. माफ करा ती म्हणाली नाही, त्यांनी पाय मागं घेतला नाही. मका त्या दिवशी टोचायचा राहिलाच.

जानेवारीत पंचांची बैठक भरली. मामांना चालता येत नव्हतं म्हणून त्यांच्याच अंगणात. पाळक, दोन पंच, नाफिरी. मला बोलावलं नव्हतं, पण मामांना उचलून बाहेर आणणारा गाढव लागतोच, म्हणून मी होतो. मामांचा पाय पालथ्या उखळावर ठेवला. नाफिरींच्या मांडीवर मलिताचं फडकं, तिनं घातलेल्याच घडीत.

नाफिरींनी कागद वाचला. "मलिता, जाइलोसीची बायको. देवाच्या कामावर अठरा दिवस उशिरा. विचारलं तर उर्मट उत्तर. नाव कायमचं कापावं."

पाळक तरुण होते, घाईत होते. "गेलेसोमू, तक्रार तुमची आहे. खरी ना? सही करा म्हणजे झालं."

मामांनी कागद घेतला, लांब धरून वाचला. "खरंय," ते म्हणाले. "ती उशिरा येते."

माझ्या डोक्यात रक्त चढलं. म्हटलं, म्हाताऱ्या, उद्या अंघोळीला बघतो तुला.

"माझ्याकडंही उशिराच येते," मामा म्हणाले. "रोज. ऊन त्या आंब्याच्या खालच्या फांदीवर आल्याशिवाय येत नाही. एकदाच लवकर आली होती." त्यांनी गुडघ्याजवळची पट्टी थोडी सरकवली. आत गुलाबी, ओलसर डाग. "त्या दिवशी हे घेऊन गेली. अजून भरलं नाही. ती उशिरा येते तेच बरं."

पाळकांनी पंचांकडं बघितलं. "मला समजलं नाही."

"ती आधी दुसरीकडं जाते. तिथून इकडं येते. ही नाफिरी आणि हिच्या बायका सरळ घरातून येत होत्या. पायाला कळतं ते."

"आमची पेज तुम्ही अंगणात ओतलीत," नाफिरी म्हणाल्या.

"वाईट होती. पण पेजेचं नाही बोलत मी." मामा आपल्या पायाकडं बघून म्हणाले, "मीही सरळ घरातूनच निघायचो. भट्टीवर पण तसाच गेलो."

"म्हणजे नाव कापायचं की नाही?" एका पंचानं विचारलं.

उखळ एका बाजूला डुगडुगत होतं. मामांनी कागदाची घडी केली, अजून एक केली, आणि माझ्या हातात देऊन म्हणाले, "जावईबुवा, हे त्याच्याखाली सारा." मी सारला. उखळ स्थिर झालं.

पाळक उठले. "मग आम्ही येतो. दुसरीकडं जायचंय."

"बसा," मामा म्हणाले. "फडकं आणलंय ना? द्यायला माणूस आल्याशिवाय कुठं निघालात?"

"बोलावून घ्या तिला."

"तिला बोलवायचं नसतं. येईल."

पाळक बसले. सगळे बसले. मंडळीतली एवढी मोठमोठी माणसं आंब्याकडं तोंड करून उन्हात गप्प, कोणाला घाम, कोणाला माशी, आणि ऊन काही त्या फांदीवर येईना. बावीस वर्षांत मी या गावाच्या इतक्या खोड्या काढल्या, पण एवढी चांगली एकही जमली नव्हती मला.

मलिता आली तेव्हा तिच्या गुडघ्यांना खड्ड्याची माती होती. मंडळी बघून ती जागच्या जागी गुडघ्यांवर बसली, आमच्या रीतीनं टाळ्या वाजवून सगळ्यांना नमस्कार केला, आणि उठून सरळ चुलीकडं गेली. पाणी कोमट झालं, मीठ पडलं. तिनं मामांचा पाय परातीवर घेतला आणि पट्टीवर थेंब थेंब सोडायला लागली. पट्टी सुटली तसा वास आला, एका पंचानं नाकाला रुमाल लावला. तिनं पू टिपायला घेतला.

नाफिरी उठल्या. दोन्ही हातांत पांढरं फडकं धरून तिच्यासमोर वाकल्या. "मलिता, हे घे."

मलितानं वर बघितलं. फडकं बघितलं.

"ठेवा तिकडं, नाफिरी," ती म्हणाली. "माझे हात भरलेत."